भिंतीवरचा अंक

गावातल्या साप्ताहिकात लोक सगळ्यात आधी काय वाचतात, असं कुणी विचारलं की संपादकाचं तोंड उतरायचं. त्याचा अग्रलेख कुणी वाचत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. लाँचचं वेळापत्रकसुद्धा दुसऱ्या नंबरावर. पहिला नंबर शेवटच्या पानावरच्या ‘चाळीस वर्षांपूर्वी’ या सदराचा, आणि ते सदर लिहायची जुनीबाई.

जुन्या बातम्या काढते म्हणून जुनीबाई. तिला कागदोपत्री नाव होतंच, पण बेटावर त्या नावानं फक्त पोस्टमन हाक मारायचा, आणि तीही सही हवी असेल तेव्हाच. एवढंसं गाव, चहूकडून पाणी, एकमेकांची तोंडं बघून बघून कंटाळलेली माणसं. करमणूक म्हणून त्यांनी एकमेकांना टोपणनावं दिली होती आणि ती जन्माला पुरत होती.

बाई काटकुळी, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, बोलणं तोडून. विशीही ओलांडली नव्हती तेव्हा ती छापखान्यात लागली, अंकांच्या घड्या घालायला. मग खिळे जुळवायला शिकली, म्हणजे शिशाचं एकेक अक्षर चिमटीत धरून ओळ लावायची, तीही उलटी. लग्नाचं काय, असं विचारणाऱ्यांना ती सांगायची, “सोमवारी मजकूर, मंगळवारी जुळणी, बुधवारी छपाई, गुरुवारी घड्या. मुहूर्त तुम्हीच काढा.” माणसं हसायची आणि विषय मिटायचा. खरं काय ते तिचं तिला माहीत. घरी ती आणि तिची ताई अशा दोघीच. ताईचा नवरा गेल्यापासून ताई धाकटीकडे राहायला आली आणि आल्या दिवसापासून घर तिच्याच हुकमानं चालायला लागलं.

पुढे खिळे भंगारात गेले, यंत्र गेलं, संगणक आला. आता पानं इथे तयार व्हायची, पलीकडच्या किनाऱ्यावरच्या मोठ्या छापखान्यात छापली जायची आणि गठ्ठे लाँचनं परत यायचे. आपल्याच गल्लीतली बातमी समुद्र ओलांडून जाते आणि परत येते, याचं बाईला हसू यायचं. ती निवृत्त झाली आणि चष्म्याचं घर विसरलं म्हणून त्याच आठवड्यात परत आली. आली ती राहिलीच. संपादक म्हणजे जुन्या संपादकांचा नातू. बाईनं त्याला शेंबूड पुसण्याच्या वयापासून पाहिलेलं. त्यानं तिला मागच्या खोलीत टेबल दिलं. त्या खोलीत भिंतभर फळ्या आणि फळ्यांवर वर्षावार बांधलेली अंकांची जाडजूड बाडं. दर सोमवारी बाई चाळीस वर्षांपूर्वीचं बाड उतरवायची, त्या आठवड्यातल्या तीन-चार बातम्या निवडायची आणि छत्री घेऊन बाहेर पडायची.

बाहेर कशाला, तर विचारायला. हा तिचा नियम होता. बातमीत ज्याचं नाव आहे तो जिवंत असेल तर त्याच्या दारात जायचं, नसेल तर त्याच्या घरच्यांच्या. बातमी वाचून दाखवायची आणि विचारायचं, छापू का. हा नियम तिनं ठेच लागल्यावर केला होता. सदर नवीन असताना तिनं किराणावाल्याची एक बातमी न विचारता छापली. तरुणपणी पैज मारून तो बंदराच्या खांबावर चढला होता आणि उतरता येईना म्हणून शिडी मागवावी लागली होती. सगळं गाव पोट धरून हसलं आणि किराणावाला बाईशी बोलायचा थांबला. साखर मागितली की पुडी सरकवायचा, तोंड फळीकडे. पुढच्या पावसाळ्यापर्यंत हे चाललं. तेव्हापासून बाई आधी विचारते. खरं सांगायचं तर नाही म्हणणारे थोडेच. उलट आमचं कधी येणार, असं विचारून लोकच डोकं खायचे. एका म्हाताऱ्या न्हाव्याची तर कायमची तक्रार होती की त्याच्या आयुष्यात छापण्यासारखं काही घडलंच नाही, आणि त्याबद्दल तो बाईलाच जबाबदार धरायचा.

त्या सोमवारी तिनं बाड उघडलं तेव्हा कोणती बातमी समोर येणार हे तिला आधीच ठाऊक होतं. वर्षभर ती या आठवड्याची धास्ती घेऊन होती. पानभर आडवा मथळा, छापखान्यातल्या सगळ्यात जाड अक्षरात: ‘लाँच खडकावर. चालकाने ओहोटीची वेळ पाहिली नाही. गावाचे अपरिमित नुकसान.’

मोसम संपत आला होता, वादळाचे दिवस सुरू व्हायच्या बेतात होते आणि शेवटची लाँच माल भरून येत होती. बंदराच्या तोंडाशी खडक आहेत. त्यांच्यामधून जायची वाट दाखवायला पाण्यावर एक लाल पिंप साखळीनं बांधलेलं असतं, त्याला बोया म्हणतात. लाँच खडकावर चढली आणि फुटली. माणसं सगळी वाचली, माल सगळा गेला. आणि त्या मालात होता साप्ताहिकाचा अख्ख्या वादळी मोसमाचा कागद.

आता सांगा, ज्याचा कागद बुडाला त्यानं बातमी कशी लिहिली असेल. जुने संपादक तसे सज्जन, पण त्या दिवशी त्यांचं डोकं फिरलं होतं. उरल्यासुरल्या कागदावर त्यांनी तो अंक काढला आणि चालकाला असा काही धुतला की बस. चालकाचं तेव्हा तिशी-पस्तिशीचं वय. त्याला गावानं त्याच आठवड्यात ओहोटी हे नाव दिलं. तो ओहोटी, त्याची बायको ओहोटीण, त्याचं घर ओहोटीचं घर. पुढे तो लाँचवर परत चढलाच नाही. बंदरावर तिकिटाच्या खिडकीत बसला आणि तिथूनच निवृत्त झाला. चूक केली म्हणून सुकाणू काढून घेतलं, असं लोक समजून चालले. अलीकडच्या पोरांना तर ओहोटीकाका हे नाव कशावरून पडलं, हेही माहीत नव्हतं.

“ही नको घेऊया,” बाई म्हणाली.

“बाई, अहो वर्षातली सगळ्यात मोठी बातमी आहे ती,” संपादक म्हणाला. “नाही घेतली तर लोक विचारतील. तुम्ही विचारून या. ते नाही म्हणाले तर राहिलं.”

ते नाही म्हणणारच, या खात्रीनं बाई निघाली. नाहीतरी तिची छत्री त्यांच्याकडेच दुरुस्तीला होती. निवृत्तीनंतर ओहोटीकाका छत्र्या दुरुस्त करायचे. बेटावर वारा असा की छत्रीची काडी टिकायची नाही, म्हणजे काकांच्या धंद्याला मरण नाही. ओटीवर छत्र्यांचा ढीग, मध्ये काका, एक पाय लांब केलेला. तो पाय दुसऱ्यापेक्षा आखूड होता.

“तुझी व्हायची आहे अजून,” ते म्हणाले. “काडी मिळत नाहीये तसली.”

बाईनं छत्रीसाठी आले नाही म्हणून सांगितलं, चष्मा चढवला आणि बातमी पहिल्या शब्दापासून शेवटापर्यंत वाचून दाखवली. आत सून भांडी घासत होती, ती घासायची थांबली.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. “छाप,” ते म्हणाले.

बाईला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. “काका, नाही छापली तरी चालेल. कुणी जबरदस्ती करत नाहीये.”

“छाप म्हणतो ना. ही आली की महिन्याभरानं दुसरी येईल. मी तिचीच वाट बघतोय.”

“दुसरी कोणती?”

“माझ्या खुलाशाची. चौकशी झाली होती ना माझी. दोष नाही म्हणून निकाल लागला, तुमच्या पेपरात आलं होतं. मी तेव्हा पलीकडे हॉस्पिटलात, पाय टांगलेला. वादळाचे दिवस संपेपर्यंत लाँच नाही, परत येणार कसा? आलो तेव्हा बायको म्हणाली, आलं होतं हो, मी वाचलं. मी काय कमी जणांना सांगितलं? सांगितलं की लोक म्हणतात, हो हो. त्या हो होचा अर्थ कळतो मला.” त्यांनी हातातली छत्री उघडून मिटली. “तू सदर सुरू केलंस त्या दिवसापासून मी मोजतोय. त्याच आठवड्यातली बातमी त्याच आठवड्यात छापतेस ना तू? मग येईलच.”

बाई “बघते” म्हणाली आणि उठली. कारण तिला माहीत होतं की ती बातमी बाडात नाही.

कागद बुडाल्यावर जुन्या संपादकांनी हार मानली नव्हती. वादळ संपून कागद येईपर्यंत त्यांनी दर आठवड्याला एकच प्रत काढली, जुन्या जाहिरातींच्या कोऱ्या पाठीवर, आणि ती बंदराच्या भिंतीवर चिकटवली. गाव तिथे येऊन वाचायचं. भिंतीवरचा अंक म्हणायचे त्याला. चिकटवायचं काम घड्या घालणाऱ्या पोरीकडे, म्हणजे बाईकडेच होतं. एकच प्रत, ती भिंतीवर, आणि भिंतीवर पाऊस. बाडात बांधायला उरणार काय? त्या आठवड्यांचे अंक बाडात नव्हतेच, एका अंकानंतर एकदम काही महिन्यांनंतरचा अंक. पुढे कागद आल्यावर खुलासा परत छापूया, असं कुणीतरी सुचवलं होतं म्हणे. जुने संपादक म्हणाले, एकदा छापलं ते छापलं. त्यांच्या लेखी भिंतीवरचा अंक हाही अंकच होता. आणि स्वतः रागानं लिहिलेलं पुन्हा पुन्हा खोडून काढायची हौस कुणाला असते?

घरी आल्यावर तिनं ताईला सगळं सांगितलं.

“मग त्याला सांगून का नाही आलीस?” ताई म्हणाली.

“जीभ रेटेना.”

“इतरांच्या दारात जाऊन त्यांच्या बापजाद्यांची लफडी वाचून दाखवतेस, तेव्हा बरी रेटते. महिनाभर त्या म्हाताऱ्याला आशेला लावून ठेवणार आहेस का? जा, सांग.”

दुसऱ्या दिवशी बाई गेली आणि सांगून टाकलं. काका छत्रीच्या काडीला तार गुंडाळत होते. ते गुंडाळत राहिले, आणि तार संपली तरी बोटं फिरत राहिली.

“चिकटवली तूच?” त्यांनी विचारलं.

“मीच.”

“वाचली होतीस?”

“चिकटवता चिकटवता सगळं वाचायचे मी.”

“काय होतं त्यात?”

बाईनं डोळे मिटले. सगळं काही आठवत नव्हतं. “बोयाची साखळी तुटली होती. तो जागेवरून सरकला होता. चालकानं ओहोटीची वेळ बरोबर धरली होती, बोयाच्या खुणेनं गेला आणि खडकावर चढला. त्याचा दोष नाही. उतारूंना त्यानं स्वतः एकेक करून उतरवलं आणि शेवटी स्वतः उतरताना त्याचा पाय मोडला. असं होतं. अजून काहीतरी होतं, ते नाही आठवत.”

“दोष नाही, असंच होतं?”

“असंच.”

“पुन्हा सांग एकदा.”

तिनं पुन्हा सांगितलं. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

“काका, पहिली बातमी मी घेत नाही,” ती म्हणाली.

“पहिली नाही तर दुसरी कशाची सांगशील लोकांना? पहिली छाप.”

“मग दुसरी मी आणते,” बाई म्हणाली. हे तोंडातून निघून गेलं आणि मग तिला घाम फुटला.

पहिली बातमी छापून आली. गावानं ती चवीनं वाचली. टोपणनावाचं कोडं सुटलं म्हणून पोरंटोरं खूश. लाँचच्या रांगेत उभे राहून लोक म्हणायला लागले, “बघा बरं ओहोटी आहे का, नाहीतर जायचो खडकावर.” त्या लाँचमधून वाचलेला एक जण अजून गावात होता. त्याला विचारलं तर तो म्हणाला, “खाली उतरवलं त्यानंच, खरं आहे. पण खडकावर चढवलंही त्यानंच ना?” काकांनी छत्र्या घ्यायचं बंद केलं नाही, पण ओटीवरून उठून ते आतल्या खोलीत बसायला लागले.

आणि एके दिवशी काकांची सून कचेरीत आली. मुलगी हाताशी, काकांची नात, शाळेच्या कपड्यांत. सून बाईच्या टेबलापाशी उभी राहिली, बस म्हटलं तरी बसली नाही.

“तुम्ही विचारलंत आणि ते हो म्हणाले, तुमच्याकडे बोट दाखवायला मला जागा नाही,” ती म्हणाली. “पण काल हिनं त्यांना जेवताना विचारलं, आजोबा, तुम्ही लाँच बुडवली का? ते ताटावरून उठले. म्हणतात, अजून थोडे दिवस, मग पेपरात येईल. येणार आहे का काही? नसेल तर मला सांगा, मी घरी काय ते सांगते.”

“येणार आहे,” बाई म्हणाली.

ती गेल्यावर बाई तडक संपादकाच्या खोलीत गेली. संपादक वाईट माणूस नव्हता, पण धोरणी होता. “बाई, बाडात नाही ते आपण जुनी बातमी म्हणून कसं छापायचं? उद्या कुणीही येईल आणि म्हणेल, माझंही भिंतीवर लागलं होतं. बंदर कचेरीत कागद असतील ना चौकशीचे?”

बंदर कचेरीतले कागद वाळवीनं कधीच संपवले होते. बाई तिथे जाऊन आली होती.

“मग निदान आणखी एक माणूस आणा, ज्यानं ते वाचलंय,” संपादक म्हणाला. “तुमच्या एकटीच्या आठवणीवर नको. तुम्हालाही त्रास, मलाही.”

झालं. बाई माणूस शोधायला निघाली. म्हाताऱ्यांपैकी ज्याला विचारावं तो म्हणायचा, वाचलं तर, समोर उभा राहून वाचलं. काय होतं, म्हटलं की प्रत्येकाचं वेगळं. एकाच्या मते त्यात लाँचच्या मालकाला दंड झाल्याचं होतं. एकीला आठवत होतं की त्या आठवड्यात अंक निळ्या शाईत होता, बाकी काही नाही. न्हाव्यानं तर छातीला हात लावून सांगितलं की त्या बातमीत त्याचंसुद्धा नाव होतं. बाई चिडून म्हणाली, “तुम्ही लाँचमध्ये नव्हता, बंदरावर नव्हता, नाव कशाला येईल?” तो म्हणाला, “तेच तर. म्हणूनच मला बरं लक्षात राहिलं.”

शेवटी ती मशीनवाल्याकडे गेली. जुन्या छापखान्यात यंत्र चालवायचा तो. आता कानानं ठार बहिरा, मुलाच्या दुकानामागच्या खोलीत पडून असायचा. आधी त्याच्याकडे न जायचं कारण एवढंच, की त्या दोघांचं कधी पटलं नव्हतं. बाईनं पाटीवर लिहून विचारलं, लाँचचा खुलासा आठवतो का?

मशीनवाला उठून बसला. “न आठवायला काय झालं? मी वाद घातला होता आपल्या जुन्या संपादकांशी. आधीच्या बातमीला ही एवढी अक्षरं, आणि खुलाशाला आपल्याकडची सगळ्यात बारीक. मी म्हटलं, अहो भिंतीवर लावायचंय, मुंगी वाचणार आहे का? तर म्हणाले, ज्याला वाचायचंय तो जवळ जाऊन वाचेल.” त्यानं बाईकडे रोखून पाहिलं. “दोष नाही, असं होतं त्यात. बोया सरकलेला. तूच नाही का चिकटवलंस, तेही तिरकं?”

“तिरकं नव्हतं,” बाई म्हणाली. पण ते त्याला ऐकू आलं नाही आणि तिनं पाटीवर लिहिलंही नाही.

संपादक तयार झाला. आमच्या दोन जुन्या कामगारांच्या आठवणीप्रमाणे, असं वर घालून खुलासा घ्यायचा ठरलं. त्यानं स्वतः मजकूर बसवला. पानं पलीकडे गेली. बाईनं काकांच्या घरी निरोप दिला, या आठवड्यात खुलासा येतोय.

आणि अंक यायच्या दिवशी वारा फिरला. वादळाचे दिवस म्हणजे बेटवाल्यांना रोजचंच, आताची मोठी लाँच त्यांतही चालायची, पण त्या दिवशी जरा जास्तच. लाँच पलीकडेच अडकली, गठ्ठे तिच्यात. गावात वीजही गेली. बाई सकाळी भाजी आणायला म्हणून बंदरावरून चालली होती, तर तिकिटाच्या शेडमध्ये बाकावर ओहोटीकाका. इस्त्रीचा शर्ट, काठी, बगलेत एक छत्री, नजर पाण्याकडे.

“काका, आज लाँच नाही. चार-पाच दिवस तरी नाही.”

“माहीत आहे. चाळीस वर्षं या बंदरावर काढली, वारा मला तू सांगणार?” ते म्हणाले. “बसलोय असाच.”

बाईनं भाजीची पिशवी तशीच घेतली आणि कचेरी गाठली. संपादक मेणबत्ती लावून बसला होता.

“एक मोठा कागद काढ,” ती म्हणाली.

“बाई, अंक छापून तयार आहे. लाँच सुरू झाली की हजारभर प्रती येतील, सगळं गाव वाचेल. चार दिवसांनी काय बिघडतंय?”

“तो बंदरावर येऊन बसलाय इस्त्री करून. त्याला मी सांगू, आणखी चार दिवस थांब म्हणून? तूच जाऊन सांग. तुझ्या आजोबांचं राहिलेलं काम आहे.”

संपादक उठला. त्यानं भिंतीवरचं मोठं कॅलेंडर खाली घेतलं आणि गेल्या महिन्याचं पान फाडलं. बाईनं जाड पेन उचललं. “द्या इकडे,” तो म्हणाला. त्यानं बाही सारली आणि कोऱ्या पाठीवर लिहायला बसला. बाई सांगत गेली, तो लिहीत गेला.

“आणखी मोठं काढ अक्षर,” बाई म्हणाली. “लांबून दिसलं पाहिजे.”

शेवटी त्यानं आपल्या मनानं एक ओळ घातली: हा खुलासा आम्ही तेव्हा बारीक अक्षरात छापला होता, तो असा छापायला हवा होता. खाली लिहिलं, संपादक. बाईनं ते वाचलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून काढून घेतला.

ताईनं पिठाची खळ शिजवून दिली. घरातलं चांगलं पातेलं खराब केलंस, असं वर ऐकवलंही. बाई पातेलं फडक्यात धरून बंदरावर गेली. तीच भिंत, आता तिथे पाण्याच्या टाकीची जाहिरात होती. तिच्यावर तिनं हातानं खळ फासली, कागद लावला, मधून कडेकडे तळवा फिरवून हवा काढली आणि सरळ लागलाय ना, हे मागे होऊन दोनदा पाहिलं.

लाँच येते का बघायला आलेली माणसं शेडमध्ये होतीच. ती गोळा झाली. न्हावी पुढे होता. त्यानं सगळ्यांसाठी मोठ्यानं वाचलं आणि मागे वळून म्हणाला, “म्हणजे काका, तुम्ही पाय मोडला म्हणून खिडकीत बसलात?”

“मग काय हौस म्हणून?” काका म्हणाले.

कुणीतरी हसलं, पण ते हसणं निराळं होतं. लाँचमधून वाचलेला तो माणूस कडेला उभा होता. तो काकांजवळ गेला आणि त्यांची काठी धरून त्यांना भिंतीपर्यंत घेऊन आला. काकांनी वाचायला सुरुवात केली. बोट एकेका शब्दाखाली धरून वाचत होते. दोष नाही, या शब्दांवर बोट थांबलं, तिथेच राहिलं.

तेवढ्यात पावसाची सर आली, वाऱ्याबरोबर आडवी. सगळे शेडकडे पळाले. बाईही पळाली, रिकामं पातेलं डोक्यावर धरून. शेडमधून तिनं पाहिलं तर काका तिथेच. त्यांनी बगलेतली छत्री उघडली होती आणि भिंतीवरच्या कागदावर धरली होती. स्वतः पूर्ण बाहेर, इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटलेला.

बाई पावसातून परत गेली. “काका, आत चला. लाँच आली की सगळ्या प्रतींत येणारच आहे हे. भिजला कागद तर भिजला, मी दुसरा करून लावते.”

“ही तुझीच छत्री आहे,” काका म्हणाले. “सकाळीच काडी बसवली.”

“असू दे माझी. तुम्ही आत चला.”

काकांनी मान हलवली. वादळामुळे शाळा लवकर सुटली होती, रस्त्यावरून पोरांचा आवाज येत होता आणि त्यांत त्यांची नात होती. त्यांनी छत्री जरा खाली घेतली, वाऱ्याकडे तोंड करून.

“मागच्या वेळी लावलीस तेव्हा मी इथे नव्हतो,” ते म्हणाले. “छत्री धरायला कुणी नव्हतं.”

बाईनं पातेलं खाली ठेवलं आणि छत्रीच्या दांडीला दुसऱ्या बाजूनं हात लावला.